'आनंत'चा काना काढू नका

'मनाच्या श्लोकां'च्या एका पुस्तिकेची प्रुफे मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आली. खिशात मावेल असा आकार, वर मारुतीचे चित्र, आत वयस्कर माणसांना वाचता यावा म्हणून मोठा टाइप. मजकूर संगणकावरच्या शुद्धलेखन तपासणीतून आधीच काढलेला होता. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, 'शुद्धलेखन झाले आहे, ताई, फक्त नजर फिरवा.' पहिल्याच श्लोकाच्या चौथ्या चरणात 'अनंत' छापले होते. समर्थांचा शब्द तिथे 'आनंत' असा आहे. मी काना घातला आणि प्रूफ परत पाठवले. दुसरे प्रूफ आले, तेव्हा काना पुन्हा गेलेला होता. ती चूकच आहे असे समजून कोणीतरी तो प्रामाणिकपणे काढला होता.

मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. अप्पा बळवंत चौकातल्या आणि त्याच्या आसपासच्या प्रकाशकांची प्रुफे वाचण्यात माझी उमर गेली. खिळे जुळवण्याचे शेवटचे दिवस मी पाहिले, मग डीटीपी आले, आता तर पाने मोबाइलवर येतात. चुकीची वेलांटी दिसली की माझा हात आपोआप तिच्याकडे जातो. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी वाहणे हेच ज्या बाईचे काम, ती सांगते आहे असे समजून पुढचे वाचा: हा काना काढणे म्हणजे शुद्धलेखन नव्हे. त्याने कविता मोडते.

कशी मोडते ते नीट सांगायला हवे, कारण शाळेत वृत्त शिकलेल्या माणसांनाही ते सांगितलेले नसते. 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक चरणात बारा अक्षरे, तीन-तीनांचे चार गण, आणि चारही गण एकसारखे, य-गण: पहिले अक्षर लघू, पुढची दोन गुरू. एक छोटी उडी, दोन लांब पावले, पुन्हा छोटी उडी. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या तर चरणाच्या वीस मात्रा होतात. एकूण श्लोक २०५. म्हणजे ८२० चरण आणि ९,८४० अक्षरे, आणि त्यातले प्रत्येक अक्षर लघू की गुरू हे आधीच ठरलेले. पहिल्या श्लोकातला तो शब्द ज्या जागी येतो, तिथे त्याच्या पहिल्या अक्षराला गुरू असावेच लागते. 'अनंत' म्हटले की त्या जागी लघू येतो, दोन लघू एकापाठोपाठ पडतात आणि म्हणणाऱ्याचे पाऊल चुकते. समर्थांना 'अनंत' कसे लिहितात हे ठाऊक होते. त्यांनी तो काना चालीसाठी घातला.

हे एकच ठिकाण असते तर मी एवढे लिहिले नसते. 'दीनानाथ' हा शब्द या श्लोकांत 'दिनानाथ' असा येतो, कारण तिथे गणाचे पहिले अक्षर लघू हवे आहे. 'रघुनायक' इथे 'रघूनायक' होतो. 'स्वामी' गरजेप्रमाणे 'स्वामि' होतो. प्रत्येक वेळी दीर्घ ऱ्हस्व झाला आहे किंवा ऱ्हस्व दीर्घ झाला आहे, आणि प्रत्येक वेळी वृत्ताने तो मागून घेतला आहे. तिसऱ्या श्लोकातला 'चिंतीत' तर फार महत्त्वाचा. संगणक त्याच्याखाली लाल रेघ ओढतो आणि 'चिंतित' सुचवतो. ती वेलांटी ऱ्हस्व केली की गण मोडतोच, शिवाय अर्थही उलटतो. 'चिंतीत जाणे' म्हणजे चिंतन करीत राहणे, 'चिंतित' म्हणजे काळजीत पडलेला. पहाटे रामाचे चिंतन करा, असे सांगणाऱ्या ओळीत राम स्वतःच काळजीत पडला तर वाचणाऱ्या मुलाने काय समजावे? माझ्याकडे आलेल्या प्रुफात हा बदलही झालेला होता.

माझे वडील कराडच्या एसटी डेपोत वाहक होते. पहाटेची पहिली गाडी असली की चार वाजता उठून दाढी करता करता ते हे श्लोक म्हणत. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. लघू-गुरू हे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. पण 'दिनानाथ' म्हणताना त्यांचा 'दि' आखूडच असे आणि 'आनंत'मधला 'आ' पुरता लांब. आणखी एक गोष्ट ते करीत, जी आज पाठांतराच्या स्पर्धेतही क्वचित ऐकू येते. बोलताना आपण 'राम' शब्दातला शेवटचा 'अ' गिळतो, 'राम्' म्हणतो. श्लोकात ते 'रा-म' असे दोन्ही अक्षरांनी म्हणत. तो 'म' वृत्तात एक पूर्ण लघू आहे, त्याला वगळले तर चरण अकरा अक्षरांचा होतो.

याच 'राम' शब्दाकडे मी पुढे प्रुफे वाचता वाचता बघायला लागले. राम म्हणजे गुरू आणि मग लघू. भुजंगप्रयातात गुरूनंतर लघू फक्त एकाच प्रकारे येऊ शकतो, एक गण संपून दुसरा सुरू होताना. म्हणजे या श्लोकांत 'राम' हे नाव कुठेही आले तरी ते दोन गणांच्या सांध्यावरच बसते, 'रा' मागच्या गणात आणि 'म' पुढच्या गणात. देव, दास, धर्म, सर्व यांचेही तसेच. उलट 'मना' हा शब्द लघू-गुरू, तो गणाच्या आरंभीच येणार. एक हाक मारतो आणि दुसरा ओळीला पुढे ओढतो. म्हणूनच श्लोक म्हणताना गणागणांवर थांबावेसे वाटत नाही, ओळ सलग सरकत राहते. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल, हे नाव वृत्ताला संस्कृतातच मिळाले, पण मला ते कळले ते 'राम'च्या जागेवरून.

वृत्ताची निवड समर्थांनी सहज केलेली नाही. 'दासबोधा'साठी त्यांनी ओवी घेतली, वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा ग्रंथ सांगायचा तर ओवीची मोकळी चालच हवी. करुणाष्टकांतल्या आळवणीला त्यांनी मालिनीसारखे पंधरा अक्षरांचे, सुरुवातीला सहा लघू घाईने टाकून मग लांबणारे वृत्त घेतले. आणि मनाला उपदेश करायचा तेव्हा भुजंगप्रयात. का, याचे माझे उत्तर मराठीच्या व्याकरणात आहे. उपदेश करताना मराठी माणूस विध्यर्थ वापरतो: करावे, धरावे, वदावे, त्यजावे, स्मरावे. यातला प्रत्येक शब्द मोजून पाहा. क लघू, रा गुरू, वे गुरू. प्रत्येक शब्द हा एक अखंड य-गण आहे. निषेध करायचा तर 'नको रे', तोही लघू-गुरू-गुरू, पुन्हा य-गण. आपल्या भाषेत 'हे कर' आणि 'हे करू नको' सांगण्याची जी नैसर्गिक रूपे आहेत, ती या वृत्ताच्या मापाचीच घडलेली आहेत. समर्थांनी ते ओळखले. संस्कृतात हे वृत्त स्तोत्रांचे होते, शंकराचार्यांच्या नावावरची भुजंगस्तोत्रे आणि तुलसीदासांचे रुद्राष्टक याच चालीत आहे. मराठीत समर्थांनी ते सल्ल्याचे केले.

यमकही त्यातूनच आले. चरणाची शेवटची दोन्ही अक्षरे गुरू असल्यामुळे यमकाला भक्कम जागा मिळते, आणि '-आवे', '-आवा', '-आवी' ही विध्यर्थाची शेपटे तिथे आपोआप येऊन बसतात. पहिल्या दोन श्लोकांत चारही चरणांना एकच यमक आहे, तिसऱ्यात ते दोन-दोन चरणांत विभागले आहे, आणि पुढेही असे बदल होत राहतात. मधेच दहाएक श्लोकांची रांग येते, जिच्यात चौथा चरण अक्षर न बदलता तोच येतो. पाठ करणाऱ्याला तिथे विसावा मिळतो आणि ऐकणाऱ्यांना साथ देता येते. परंपरा सांगते, की चाफळच्या रामनवमीच्या उत्सवासाठी शिष्यांनी हे श्लोक म्हणत दारोदार भिक्षा मागितली. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालत म्हणायची ही रचना आहे. गद्यासारखी वाचली की तिचे निम्मे प्राण जातात.

आता शाळेकडे येते. आपल्याकडे वृत्त शिकवतात ते असे: ओळ लिहा, अक्षरांवर खुणा करा, 'यमाताराजभानसलगा' म्हणून गण पाडा, नाव लिहा. प्रश्न एक-दोन गुणांचा. ओळ मोठ्याने म्हणून दाखवायला कोणी सांगत नाही. यात एक शास्त्रीय चूकही शिरते. 'जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू' हा नियम मुले पाठ करतात. तो संस्कृताला बरोबर. मराठीत मात्र जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडत असेल तरच ते गुरू होते. दुसऱ्या श्लोकाच्या तिसऱ्या चरणात 'द्यावे'च्या आधी ऱ्हस्व 'नि' आहे. नियम डोळे मिटून लावला तर हा 'नि' गुरू ठरतो आणि समर्थांचे वृत्त चुकले असा निकाल निघतो. ओळ एकदा म्हणा, 'नि' लघूच आहे हे लगेच कळते, कारण शब्द वेगळे आहेत आणि 'द्या'चा आघात मागे जात नाही. वृत्ताचा निवाडा कान करतो, खुणा नंतर येतात. ज्या मुलाने हे श्लोक पन्नास वेळा म्हटले आहेत, त्याला गण पाडायला सांगा, ते मूल हसत पाडेल. ज्याने फक्त खुणा केल्या आहेत, ते परीक्षेनंतर आठवडाभरात विसरेल.

माधव जूलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, यांनी 'छंदोरचना' लिहून मराठी पद्याचे शास्त्र उभे केले. ते फारसीचे प्राध्यापक होते. संस्कृत गणांइतकेच फारसी वजनही त्यांच्या कानात बसलेले होते, आणि गझल मराठीत रुजवण्याचा पहिला मोठा उद्योग त्यांचाच. भुजंगप्रयाताची चाल फारसी-उर्दूतही आहे. तिथे तिला मुतकारिब म्हणतात, आणि तिचा 'फऊलुन' म्हणजे आपला य-गणच. फिर्दौसीचा 'शाहनामा' या चालीत आहे, फक्त शेवटच्या गणातले एक अक्षर कमी. तिथल्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, कुठे आखडायचे आणि कुठे लांबवायचे हे वाचकाने परंपरेने शिकायचे असते. आपल्या देवनागरीला हे वजन कागदावर दाखवता येते. 'दि' की 'दी', 'अ' की 'आ', हे डोळ्यांना दिसते. अशी लिपी हाताशी असताना आपणच ती खूण पुसून टाकतो, याचे मला दुःख होते.

कोणी म्हणेल, जुन्या पोथ्यांत तरी ऱ्हस्व-दीर्घ कुठे धड असते? खरे आहे. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळत नसत, आणि बाळबोध पोथ्यांतही लेखनिक आपापल्या सवयीने लिहीत. पण गणवृत्तात हीच तर सोय आहे. दोन पोथ्यांत दोन रूपे सापडली तर खरे कोणते हे वृत्त स्वतः सांगते. ओवीत किंवा अभंगात ही साक्ष इतकी पक्की मिळत नाही, कारण तिथे प्रत्येक अक्षराचे वजन बांधलेले नसते. 'दासबोधा'तली एखादी वेलांटी बदलली तर ओवी मोडेलच असे नाही. 'मनाच्या श्लोकां'त बदललेली वेलांटी लगेच ऐकू येते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरासारख्या ठिकाणी ज्यांनी समर्थांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या पोथ्या गोळा करून जपल्या, त्यांच्या श्रमाची किंमत आपण एका बटणाच्या दाबाने शून्य करू नये.

अनुस्वारांबद्दल मात्र माझा आग्रह नाही. 'मनीं', 'जनीं', 'नमूं' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार नव्या छपाईत जातात. ते बहुतेक दीर्घ स्वरांवरच असतात, गेले तरी अक्षर गुरूच राहते आणि चालीला धक्का लागत नाही. अभ्यासाच्या आवृत्तीत ते ठेवावेत, घरगुती पुस्तिकेत नसले तरी चालतील. जुने ते सगळे जसेच्या तसे हवे, असे मी म्हणत नाही. ज्या खुणेवर वृत्त उभे आहे, ती हलवू नका एवढेच म्हणते.

आणि हे माझे मत म्हणूनच ऐकायला हवे असेही नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सर्वांनी प्रमाण मानले आहेत, १९६२चे चौदा आणि १९७२मध्ये त्यांत आलेले चार. त्याच अठरा नियमांत स्पष्ट सांगितले आहे, की केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य छापताना ते मुळानुसार छापावे. वृत्ताचे बंधन पाळताना ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाळणे शक्य नसेल तर कवीला तेवढे स्वातंत्र्य असावे, हेही त्या नियमांतच आहे. म्हणजे 'आनंत'चा काना काढणारा माणूस नियम पाळतो आहे असे त्याला वाटते, आणि प्रत्यक्षात तो नियम मोडतो आहे. सतराव्या शतकातल्या कवीला विसाव्या शतकाचे नियम लावू नयेत, हे नियम करणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. हा भाग प्रकाशनांच्या टेबलांवर कोणी वाचत नाही, आणि संगणकाच्या शब्दसूचीला तर ओळ पद्याची आहे की गद्याची हेही कळत नाही.

माझी एक मैत्रीण मराठीची शिक्षिका आहे. तिची हरकत मी नेहमी ऐकते: पुस्तकात 'दिनानाथ' छापले तर मुले निबंधात तसेच लिहितील, आधीच त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद आहे. तिची अडचण मला समजते, रोज वह्या तपासणारी ती आहे. पण मला याच्या नेमके उलट दिसते. आजच्या मराठी बोलण्यात 'ि' आणि 'ी' यांचा फरक कानाला फारसा जाणवतच नाही. 'कवि' लिहा की 'कवी', आपण म्हणतो एकच. म्हणून मुलांना ऱ्हस्व-दीर्घाचे नियम मनमानी वाटतात, गुण कापण्यासाठी काढलेले. मराठीत एकच जागा अशी उरली आहे जिथे ऱ्हस्व आणि दीर्घ स्पष्ट ऐकू येतात आणि चुकले तर वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळते, ती म्हणजे वृत्तबद्ध कविता. तीच जर आपण मुलांना मोडून दिली, तर ऱ्हस्व-दीर्घ असते तरी कशाला, हे त्यांना कशावरून दाखवणार? 'दिनानाथ' छापा आणि पानाच्या तळाला एक ओळ द्या, की गद्यात हा शब्द 'दीनानाथ' असा लिहितात, इथे वृत्तासाठी पहिले अक्षर ऱ्हस्व केले आहे. त्या एका ओळीत मूल शुद्धलेखनही शिकेल आणि वृत्तही.

बदल फार मोठा नाही, खर्चाचाही नाही. पुस्तिका छापणाऱ्यांनी जुन्या पद्याच्या फाइलवर शुद्धलेखन तपासणी बंद ठेवावी आणि मजकूर आंतरजालावरून उचलण्याऐवजी एखाद्या विश्वसनीय जुन्या प्रतीशी ताडून घ्यावा. मोबाइल ॲप करणाऱ्यांनीही हेच करावे, कारण आज बहुतेक पुस्तिकांचा मजकूर त्यांच्याकडूनच उचलला जातो आणि एका ठिकाणची चूक शंभर ठिकाणी जाते. पाठ्यपुस्तक करणाऱ्या मंडळींनी तळटीप द्यावी. शिक्षकांनी वृत्ताचा तास खडूने नव्हे, टाळीने सुरू करावा: आधी वर्गाकडून दहा श्लोक म्हणून घ्यावेत, मग फळ्यावर खुणा. स्पर्धांच्या परीक्षकांनी 'राम'मधला 'म' ऐकू येतो की नाही, याकडे कान द्यावा.

आणि वाचकहो, तुमच्या घरात देवघराच्या फडताळात किंवा आजीच्या पेटीत 'मनाच्या श्लोकां'ची पुस्तिका असेलच. ती काढा. पहिल्या श्लोकाचा चौथा चरण मोठ्याने म्हणा. काना असेल तर ती प्रत जपून ठेवा, मुलांना त्याच प्रतीवरून शिकवा. नसेल तर पेन घ्या आणि घाला.